भोक न पाडता लावलेले दिवे

नणंदेचं कौतुक करणारी भावजय तुम्ही फारशी पाहिली नसेल. मी करते आणि उघड करते. लग्न होऊन मी बडोद्यातल्याच कारेलीबागेतून समाला आले, तेव्हा माहेरच्या सगळ्या बायकांनी मला आधीच सावध केलं होतं. थोरली नणंद घरातच असते, सासर सोडून आलेली आहे, स्वभावानं तिखट आहे, जपून राहा. तिखट होत्याच त्या. पण मीही काही साखरेची बाहुली नव्हते. पहिल्या महिन्यात आमची दोनदा कडकडून भांडणं झाली, एकदा फोडणीवरून आणि एकदा पाण्याच्या टाकीवरून. त्यानंतर आमचं जे जमलं ते कायमचं. मी त्यांना वन्सं म्हणायचे. आजच्या मुलींना हा शब्द ठाऊक नसेल. नवऱ्याच्या बहिणीला म्हणायचा तो.

वन्सं माहेरी परत आल्या तेव्हा रडत बसल्या नाहीत. वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीत तेव्हा दर दोन-चार महिन्यांनी नवा कारखाना उभा राहत होता. गेट रंगवून तयार असायचं, यंत्रं आलेली असायची, कँटीनचा मात्र पत्ता नसायचा. कामगारांना भूक तर लागणारच. वन्संनी हे बरोबर हेरलं. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन बायका हाताशी घेऊन त्यांनी रोटली, शाक, दाळ, भात रांधायला सुरुवात केली. एक जुनी पांढरी डिझेल पिकअप घेतली आणि ती चालवायला शिकल्या. आमच्या सोसायटीत तोवर बाई म्हणजे फार तर स्कूटर. वन्सं पिकअपचं दार आपटून निघाल्या की गॅलऱ्यांमधून माना बाहेर यायच्या. दुपारची एक फेरी, संध्याकाळची एक. दोन्ही वेळा अन्न गरम पोचायचं, आणि त्यावरच त्यांचा धंदा उभा होता.

घरात आमच्याखेरीज दोनच माणसं. माझा नवरा, जो बँकेतून आला की वर्तमानपत्रात शिरायचा, आणि माझे सासरे. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायचे, वन्सं आबा म्हणायच्या. मामंजी उंच, ताठ, कमी बोलणारे. त्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत घोडेस्वार होते. मामंजींनी स्वतः उभी नोकरी सरकारी गोदामात केली होती, पण चालायचे असे, की मागून पलटण येत असावी.

आता त्या घराची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरूनच झालं. माझ्या माहेरी आजोबा संस्थानच्या कचेरीत आणि वडील शाळेत शिक्षक. दसऱ्याला आम्ही पाटीवर सरस्वती काढायची आणि पुस्तकांना फुलं वाहायची. सासरी आदल्या दिवशीच्या खंडेनवमीला शस्त्रपूजा. शस्त्रं म्हणाल तर एक तलवार उरली होती, आणि तीही म्यानातून निघायला तयार नव्हती. मग चौरंगावर तिच्या शेजारी पाने, पकडी, विळी, वन्संचा मोठा झारा, आणि अंगणात झेंडूच्या माळा घातलेली पिकअप. मामंजी सगळ्यांना सारख्याच गंभीरपणे गंध लावायचे. मला पहिल्या वर्षी हसू आवरेना. झाऱ्याला अक्षता!

त्या रीतीत एक कडक नियम होता. एकदा पूजलेल्या हत्याराला धार लावावी, तेल द्यावं, मूठ मोडली तर नवी बसवावी, पण भोक पाडायचं नाही. मामंजींचे आजोबा म्हणे सांगायचे, ढालीला खिळ्यासाठी भोक पाडलं की ती भिंतीची झाली, रणाची राहिली नाही. वन्संच्या एका कढईचा कान सुटला होता, तो रिव्हेट मारून बसवता आला असता. पण कढई पूजेतली, म्हणून ती कितीतरी महिने सांडशीनं उचलत होतो आम्ही. हात माझे भाजायचे, रीत त्यांची.

एका वर्षी थंडी लवकर पडली. वाघोडिया रोडवर तेव्हा शहर संपलं की रस्त्यावरचे दिवेही संपायचे. एके संध्याकाळी वन्सं नेहमीपेक्षा उशिरा परतल्या. कपाळावर टेंगूळ, पिकअपचा डावा हेडलाइट फुटलेला, बंपर वाकलेला. रस्त्यातच गवतानं भरलेली ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, लाल फडकं नाही. जवळ गेल्यावर एकदम समोर आली. वन्संनी गाडी खाली उतरवली आणि बाभळीला टेकवून थांबवली. सांगताना त्यांचा आवाज स्थिर होता, पण मी हातात दिलेला चहा त्यांनी अर्धा बशीत सांडला. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. स्वतःला लागलं म्हणून घाबरणाऱ्यातल्या त्या नव्हत्या, म्हणून मला जास्तच नवल वाटलं.

मामंजींनी टेंगूळ पाहिलं, हेडलाइट पाहिला आणि म्हणाले, "ताई, उद्यापासून अंधाराची फेरी बंद."

दुसऱ्या दिवसापासून वन्सं संध्याकाळचं जेवण दुपारीच रांधून उजेडात पोचवू लागल्या. माणसं जेवायची सातनंतर. रोटली वातड, दाळीवर साय. आठवडाभरात, वन्संचं सगळ्यात जास्त जेवण जायचं त्या कारखान्यातून निरोप आला. तिथे कामगारांच्या जेवणाचं पाहणारे भले गृहस्थ होते, त्यांनी फोनवर गोड गुजरातीत सांगितलं, "बेन, तमारा हाथनो स्वाद सौने भावे छे, पण ठंडुं कोई खातुं नथी." दोन्ही वेळचं गरम देणारा दुसरा मिळाला तर दुपारचंही त्यालाच द्यावं लागेल, असंही ते म्हणाले. म्हणजे संध्याकाळ गेली की दुपारही जाणार, आणि दुपार गेली की वन्संचं सगळंच. त्या पुन्हा परत आलेली मुलगी होऊन घरात बसणार.

नवऱ्यानं पेपरातून मान काढून सुचवलं, की ड्रायव्हर ठेव. वन्सं म्हणाल्या, "आज ड्रायव्हर, उद्या ओळखी त्याच्या, परवा धंदा त्याचा. मला नाही फावणार." तो परत पेपरात गेला.

मग वन्संनी मामंजींसमोर विषय काढला. ट्रकांच्या टपावर असतात तसे दोन मोठे दिवे आपल्या गाडीच्या टपावर लावते, म्हणाल्या. ह्या गाडीचे हेडलाइट म्हणजे दोन निरांजनं. वरून उजेड पडला की लांबचं दिसेल, रस्त्याच्या कडाही दिसतील.

मामंजी सुपारी कातरत होते. "लाव," ते म्हणाले. "फक्त टपाला भोक पाडायचं नाही. खंडेनवमीला पूजतो ती गाडी."

वन्सं हो म्हणाल्या. मी मात्र आतल्या आत पेटले. मामंजींनी नाही म्हटलं नव्हतं, अट घातली होती. त्या घरात नकार देण्याची हीच पद्धत. साप मरावा आणि काठीही मोडू नये. टपावर दिवे लावायचे आणि भोक पाडायचं नाही, म्हणजे स्वयंपाक करायचा आणि चूल पेटवायची नाही. मी वन्संना तसं बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "आबांनी अट घातलीय ना? मग ती पाळल्यावर त्यांना बोलायला जागा नाही. तू चीड नंतर, आधी चप्पल घाल."

आम्ही दोघी गॅरेजवाल्याकडे गेलो. त्यानं टपावर हात फिरवला आणि ड्रिल हातात घेतलं. "बेन, चार होल. पाँच मिनिटनुं काम." वन्संनी खंडेनवमी, ढाल, भिंत सगळं समजावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, ड्रिल खाली ठेवलं आणि कान पकडले. बडोद्यात एक बरं आहे, कुणाच्या देवाचं म्हटलं की माणूस हुज्जत घालत नाही. पण मग कसं करायचं, ते त्यालाही सुचेना.

पहिली कल्पना वन्संची. मंडपवाल्याकडे फुटलेले लाउडस्पीकर पडले होते, त्यांतली जाड गोल लोहचुंबकं काढून आणली. दिवा चुंबकावर, चुंबक टपावर. सोसायटीच्या आवारात झकास बसलं, आम्ही दोघींनी टाळ्या पिटल्या. फाटकाबाहेरच्या पहिल्याच गतिरोधकावर एक दिवा सरकत सरकत पुढे आला आणि वायरला लोंबकळत काचेवर आपटला. टपावर ओरखडाही पडला. मामंजी गॅलरीत होते. वरून सुपारी कातरल्याचा आवाज ऐकू आला.

दुसरी कल्पना माझी, म्हणून तिच्याबद्दल थोडक्यात सांगते. लाकडी पट्टीवर दिवे बसवायचे आणि ती पट्टी सामान बांधायच्या नायलॉनच्या पट्ट्यानं टपाला आवळायची. पट्टा दोन्ही दारांतून आत घेऊन छताखाली बकल. उभ्या गाडीत सुरेख दिसत होतं. गाडी पळू लागली की पट्टा वाऱ्यानं असा घुमायचा, की आत बोललेलं ऐकू येईना. धक्क्यांनी पट्टी मागे कलली, आणि उजेड रस्ता सोडून कडुनिंबाच्या शेंड्यात गेला. "वटवाघळांची सोय झाली," वन्सं म्हणाल्या. मी फणकाऱ्यानं म्हटलं, की मग तुम्हीच शोधा. त्या हसल्या नाहीत. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्यांच्या हातात फार दिवस उरले नाहीत.

रविवारी त्या गाडी धूत होत्या आणि मी बादल्या आणून देत होते. जुन्या गाड्यांना दारांच्या वर, टपाच्या कडेनं, पत्र्याची अरुंद पन्हळ असते. टपावरचं पाणी दार उघडताना डोक्यावर पडू नये म्हणून. वन्संनी टपावर तांब्या ओतला, पन्हळीतून पाणी वाहत त्यांच्या कोपरावर आलं. त्यांनी हात झटकला आणि तिथेच थांबल्या. पन्हळीच्या कडेवरून बोट फिरवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या. मग खाली वाकून ती कड खालून चाचपली.

"ॲम्बॅसडर टॅक्सीवर सामानाचं कॅरिअर असतं बघ," त्या म्हणाल्या. "ते कशाला अडकवलेलं असतं गं?"

ते आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं. जन्मभर त्या टॅक्सीत बसलो, वर ट्रंका चढवल्या, पण कॅरिअर कशाच्या आधारावर आहे हे कोण बघतं! ओल्या साडीनंच आम्ही स्टेशनवर गेलो आणि टॅक्सीच्या रांगेत एकेका टपाखाली वाकून बघायला लागलो. एका ड्रायव्हरनं विचारलं, "कौन सी गाड़ी से आए, बहनजी? सामान खोया है क्या?" वन्संना हवं ते दिसलं होतं. कॅरिअरचे पाय त्या पन्हळीवर बसले होते. प्रत्येक पायाला खालून एक आकडा, आकडा पन्हळीच्या ओठाला धरलेला, आणि बोल्ट आवळला की दोन्ही मिळून ओठ चिमटीत पकडलेला. भोक एकही नाही. वन्संनी स्टेशनासमोर भर रस्त्यात माझा हात इतका घट्ट दाबला, की बांगडी रुतली. हे लिहिताना मनगटाकडे हात जातोच.

जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून मोडक्या कॅरिअरचे दोन पाय मिळाले. गॅरेजवाल्यानं त्या पायांवर डावीकडून उजवीकडे एक लोखंडी पाइप बसवला आणि दिवे पाइपला. पाइपला त्यानं मनसोक्त भोकं पाडली. "पाइप कुठे पूजलाय!" वन्सं म्हणाल्या. आकड्याखाली रंग खरवडू नये म्हणून सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले. पाइपवर वारा शिट्टी घालायचा, त्यावर सुंभ गुंडाळलं आणि शिट्टी गेली. वायर टपातून न घेता काचेच्या कडेनं, दाराच्या रबराखालून आत आणली. पहिल्या दिवशी दिव्यांचा सगळा भार साध्या बटणावर टाकला, तर बटण तापून त्याचा वास सुटला. मग तो भार पेलायला मध्ये रिले आणि फ्यूज बसवला. वन्सं प्रत्येक नट स्वतः हातानं हलवून बघत होत्या. गॅरेजवाला म्हणाला, "बेन, मारा पर भरोसो नथी?" वन्सं म्हणाल्या, "तुमच्यावर आहे. रस्त्यावर नाही."

संध्याकाळी समाच्या मोकळ्या मैदानात दिवे लावून पाहिले. लांबवर लख्ख दिसत होतं, पण जवळ पंचाईत. वरचा उजेड पांढऱ्या बॉनेटवर पडून उलटा डोळ्यांत यायचा. दिवे थोडे मागे घेतले तरी झळ गेली नाही. इथे माझं माहेर कामाला आलं, आणि हे मी जरा ताठ मानेनं सांगते. वर्गातल्या फळ्याला लावतात तो काळा रंग चकाकत नाही, त्याच्यावर उजेड पडला तरी मुलांना खडूची अक्षरं दिसावीत म्हणून. वडिलांकडून डबा आणला आणि बॉनेट फळ्यासारखं काळं करून टाकलं. मामंजींना आधी विचारलं होतं. रंग चालेल, म्हणाले. दुसऱ्या दिवशी सोसायटीतल्या कार्ट्यांनी बॉनेटवर खडूनं सातचा पाढा लिहिला, तोही चुकीचा. मी तो दुरुस्त केला आणि मग ओल्या फडक्यानं पुसला.

मग मामंजींची तपासणी. चष्मा लावून, स्टुलावर चढून त्यांनी उन्हात टपावरून तळवा फिरवला. आकड्यांजवळ बोटं घालून पाहिली. आत बसून छत खालून पाहिलं. त्यांना भोक सापडलं असतं तर संध्याकाळची फेरी कायमची बंद झाली असती.

"वायर इंजिनात कुठून गेली?" त्यांनी विचारलं.

"स्पीडच्या काट्याची केबल जाते त्याच भोकातून," वन्सं म्हणाल्या. "ते भोक कंपनीनं पाडलंय, आबा. पूजेच्या आधीचं."

मामंजींच्या मिशीखाली काहीतरी हललं. ते स्टुलावरून उतरले, हात पुसले आणि म्हणाले, "आज मी येतो गाडीत. मग ठरवू."

म्हणजे अजून ठरलं नव्हतंच. मीही पदर खोचून गाडीत चढले. वन्सं स्टिअरिंगवर, मामंजी दाराशी, मध्ये मी, गुडघ्यांना गिअरचा दांडा लागत असलेली. मागे वाफाळती पातेली. शहरात वन्संनी टपावरचे दिवे लावले नाहीत. शेवटची दुकानं मागे पडली, अंधार झाला आणि त्यांनी बटण दाबलं.

मी त्या रस्त्यानं कितीदा गेले होते, पण तो मी पाहिला नव्हता. डांबराच्या दोन्ही कडा, पलीकडची खडी, बाभळी, बिनादिव्याची एक सायकल, फार पुढे कडेला बसलेलं कुत्रं, सगळं वेळेवर दिसत होतं. समोरून गाडी आली की वन्सं टपावरचे दिवे बंद करायच्या, ती गेली की लावायच्या. हात आपोआप जात होता. पुढे एक ट्रॉली दिसली, तशीच अंधारी, तशीच गवताची. ती इतक्या लांबून दिसली, की वन्संनी नुसता वेग कमी केला आणि वळसा घालून गेल्या. मामंजींनी समोरची दांडी घट्ट धरली होती. ट्रॉली गेल्यावर ती सोडली. मला इतका आनंद झाला, की मी वन्संच्या मांडीवर थाप मारली. "गिअर, गिअर," त्या ओरडल्या.

अन्न वेळेवर पोचलं. जेवणाचं पाहणाऱ्या त्या गृहस्थांनी पातेल्याचं झाकण उघडलं आणि वाफ तोंडावर घेऊन हसले. रिकामी भांडी मागे चढवून आम्ही फाटकाबाहेर आलो. सात वाजून गेले होते आणि कारखान्यातल्या बायकांची सुट्टी नुकतीच झाली होती. गोळ्यांची पाकिटं भरणाऱ्या, खोकी चिकटवणाऱ्या आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायका. त्यांची बस केव्हाच गेलेली. त्या रस्त्याच्या कडेनं चालत निघाल्या होत्या. टपावरचे दिवे दिसताच त्या बिचकून बाजूला झाल्या. मग एकीनं गाडी ओळखली.

"बेन आव्यां! एली, बेन आव्यां!"

वन्संनी गाडी थांबवली. बायका मागचं फळकूट उघडून चढू लागल्या, भांडी कडेला सरकवून बसू लागल्या. कुठलं भांडं कुठे ठेवायचं हे त्यांना ठाऊक होतं. एक खिडकीशी येऊन वन्संना म्हणाली, "केटला दिवस चालतां गयां, बेन. अमने थयुं के हवे तमे नहीं आवो." वन्सं आता येणारच नाहीत असं धरून त्या इतके दिवस पायीच जात होत्या.

मामंजी समोर बघत होते. "ह्या कोण?" त्यांनी विचारलं.

"रोजच्या," वन्सं म्हणाल्या. "येताना भांडी रिकामी असतात. ह्यांची गावं वाटेवरच आहेत."

"कधीपासून?"

"धंद्याच्या पहिल्या थंडीपासून. तुम्हाला सांगितलं असतं तर म्हणाला असता, गाडी मालाची आहे, माणसांची नाही. कायद्यानं ते खरंही आहे." मग त्या थांबल्या आणि स्टिअरिंगकडे बघत म्हणाल्या, "आबा, त्या दिवशी मागे ह्या होत्या. गाडी बाभळीला लागली तेव्हा."

बशीत सांडलेला चहा मला तेव्हा कळला. कपाळावरच्या टेंगळानं ही बाई घाबरली नव्हती. आणि घाबरल्यावर तिनं फेरी सोडली नाही, दिवे शोधले. मी तिच्या घरात राहत होते, तिच्याबरोबर गॅरेजमध्ये, स्टेशनवर, बाजारात फिरले होते, आणि धंदा वाचवायला चाललंय एवढंच समजत होते. धंदा होताच. पण ह्याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या. मला त्यांचा इतका अभिमान वाटला, की डोळे भरून आले, आणि मी गिअरच्या दांड्याकडे बघत बसले.

मामंजी दार उघडून खाली उतरले. मला वाटलं, आता ह्या माणसाचा पारा चढणार. ते मागे गेले. तिथे एक म्हातारी बाई सुजलेल्या पायांनी चढायचा प्रयत्न करत होती. मामंजी तिला म्हणाले, "मासी, तमे आगळ बेसो." तिला हाताला धरून पुढे आणलं, आपल्या जागेवर बसवलं आणि स्वतः मागे चढले. सासरा मागे उभा आणि सून पुढे बसलेली, असं कसं चालेल? मीही उतरून मागे गेले. बायकांनी त्यांच्यासाठी एक पातेलं उपडं करून दिलं. मामंजी बसले नाहीत. टपावरच्या पाइपला धरून ताठ उभे राहिले.

पहिल्या फाट्याला वन्संनी गाडी थांबवली. गाव रस्त्यापासून आत होतं, मध्ये शेतं आणि खाचखळग्यांची गाडीवाट. गावाचे दोन-तीन मिणमिणते दिवे लांब दिसत होते. बऱ्याचशा बायका तिथे उतरल्या. मला वाटलं, आता आपण पुढे निघू. वन्संनी गाडी मागे घेतली, पुढे घेतली, तिचं तोंड गाडीवाटेकडे केलं आणि टपावरचे दिवे लावले.

वाटेच्या सुरुवातीलाच शेताचा उंच बांध होता. हेडलाइटचा उजेड त्या बांधावरच आपटून संपला. टपावरचा उजेड बांधावरून पलीकडे गेला आणि थेट गावाच्या पहिल्या झोपडीपर्यंत पोचला. बायका त्या उजेडात चालू लागल्या. पायांखालची वाट त्यांना दिसत होती, आणि आम्हाला त्या दिसत होत्या. बोलण्याचा, हसण्याचा आवाज लांब जात गेला. मग एकेक जण घरांच्या आडोशाला दिसेनाशी झाली.

वन्सं स्टिअरिंगवर खाली बसलेल्या. बांधापलीकडचं त्यांना तिथून नीट दिसत नसणार. शेवटची बाई घराआड गेली असं समजून त्यांनी गिअर टाकला आणि गाडी हलली.

मामंजींनी टपावर जोरात थाप मारली. "थांब, ताई," ते ओरडले. "एक मागे राहिलीय. अजून पोचली नाही."